कवळीखालचा टाळू पुन्हा पुन्हा लाल होणे आणि कवळीला वास येणे : कारण कसे शोधावे, काय करावे

वरची पूर्ण कवळी वापरणाऱ्या व्यक्तीच्या टाळूवर लाली येते, थोडी जळजळ होते, तिखट सहन होत नाही, ओठांचे कोपरे चिरतात आणि कितीही घासले तरी कवळीचा वास जात नाही. औषधाच्या दुकानातून तोंडाला लावायचे औषध आणले जाते, त्याने काही दिवस बरे वाटते, आणि औषध थांबवल्यावर थोड्याच आठवड्यांत सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते. सांगली-मिरज परिसरात आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पूर्वेकडच्या तालुक्यांतून दाखवायला येणाऱ्या वयस्कर मंडळींमध्ये ही तक्रार माझ्या सतत पाहण्यात येते. त्यांपैकी बहुतेकांनी औषध नेमाने लावलेले असते, पथ्य पाळलेले असते आणि तरीही आपलेच काहीतरी चुकते आहे अशी त्यांची समजूत झालेली असते. चूक सहसा त्यांची नसते. उपचार फक्त तोंडावर झालेला असतो आणि ज्या कवळीत दुखण्याचे मूळ आहे ती जशीच्या तशी पुन्हा टाळूला लावली जाते, म्हणून दुखणे परत येते.

घरोघरी याला उष्णता वाढल्याचे लक्षण समजतात. मग सब्जा, गुलकंद, जाईचा पाला, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि बोरॅक्स-ग्लिसरीन असा क्रम सुरू होतो. यांतल्या काही गोष्टींनी तात्पुरता गारवा मिळतो हे खरे आहे, परंतु कवळीच्या आतल्या बाजूवर वाढलेल्या बुरशीवर त्यांचा उपयोग होत नाही, आणि वेळ मात्र निघून जातो.

आधी नेमके काय झाले आहे ते पाहावे

कवळी काढून तोंड साध्या पाण्याने खळखळून धुवावे आणि दिवसाच्या उजेडात आरशासमोर, किंवा घरातल्या कोणाला तरी मोबाईलची बॅटरी धरायला सांगून, टाळू नीट पाहावा. कवळीने जेवढा भाग झाकला जातो तेवढाच लाल असेल आणि कवळीची कड जिथे संपते तिथेच लालीही रेघ मारल्यासारखी संपत असेल, तर तो बहुतेक वेळा कवळीखालचा बुरशीजन्य दाह असतो. कॅन्डिडा नावाची बुरशी यात प्रमुख असते. ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडातही अल्प प्रमाणात असते आणि अनुकूल जागा मिळाली की वाढते. या दाहाचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे, ते म्हणजे बऱ्याच जणांना तो अजिबात दुखत नाही. 'मला काही त्रास नाही, फक्त वास येतो' असे सांगणाऱ्या आजींचा टाळू पाहावा तर तो पूर्ण लालभडक निघतो. त्यामुळे दुखत नाही म्हणजे सारे ठीक आहे असे धरून चालू नये.

याउलट लाली किंवा जखम एकाच ठिकाणी असेल, विशेषतः कवळीच्या कडेला किंवा जिभेच्या लगामाजवळ (जिभेखालच्या पातळ पट्टीजवळ), आणि कवळी घातली की नेमके तिथेच खुपत असेल, तर तो दाबाचा प्रश्न आहे. ती जागा दंतवैद्यांनी तपासून कवळी तेवढ्यापुरती घासून द्यायची असते. घरी कानस, पॉलिश पेपर किंवा चाकू वापरून कड कमी करण्याचा प्रयत्न अनेकजण करतात. त्यातून चुकीचा भाग कमी होतो, वरच्या कवळीची हवाबंद पकड सुटते आणि ती बोलताना पडू लागते. टाळूच्या मध्यभागी बारीक दाणेदार उंचवटे आलेले असतील तर दाह बराच जुना आहे असे समजावे. कवळीच्या कडेला हिरडीची मऊ घडी किंवा जास्तीचे मांस वाढलेले दिसत असेल, तर सैल कवळीची कड तिथे वर्षानुवर्षे रुतत आली आहे.

दोन आठवड्यांत भरून न आलेली जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, हाताला टणक लागणारी गाठ, कारण नसताना होणारा रक्तस्राव किंवा ओठाला आलेला बधिरपणा, यांपैकी काहीही असेल तर पुढचे सारे उपाय बाजूला ठेवून तोंडाची तपासणी आधी करून घ्यावी. सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मिश्री, तंबाखू आणि गुटख्याचे प्रमाण पाहता या सूचनेत कोणतीही सूट घेऊ नये.

आता कवळी पाहावी. ती कोरड्या फडक्याने पुसून बोटाने आतली बाजू, म्हणजे टाळूला चिकटणारी बाजू, चाचपावी. ती बाजू बुळबुळीत लागत असेल तर तिथे जंतू आणि बुरशीचा थर आहे. वास नेमका कुठून येतो हे ठरवायचे असेल तर रात्री कवळी नीट घासून स्वच्छ पाण्यात ठेवावी आणि सकाळी तोंडात घालण्यापूर्वी तिचाच वास घ्यावा. कवळीलाच वास असेल तर पुढे दिलेली स्वच्छता तिच्यासाठी आहे. कवळीला वास नसेल आणि तोंडाला मात्र असेल, तर जिभेवरचा थर, उरलेल्या दातांच्या हिरड्या, कोरडे तोंड किंवा नाक-सायनस यांकडे पाहावे लागते.

दुखणे परत का येते

पूर्ण कवळीचा गुलाबी भाग ॲक्रिलिकचा असतो. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात हे द्रव्य दंतवैद्यकात आले आणि त्याने जुन्या कडक रबराच्या कवळ्यांची जागा घेतली. ते हलके, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे आहे, पण ते थोडे पाणी शोषून घेते आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. कवळीची दर्शनी बाजू चकचकीत पॉलिश केलेली असते. टाळूला लागणारी बाजू मात्र पॉलिश करत नाहीत, कारण तसे केले तर टाळूच्या ठशाचे बारकावे जातात आणि पकड बिघडते. आता बहुतेकजण कवळी कशी घासतात ते पाहावे. आरशात दिसणारे पुढचे दात आणि बाहेरचा चकचकीत भाग मन लावून घासला जातो आणि खडबडीत राहिलेल्या आतल्या बाजूवरून ब्रश जेमतेम एकदा फिरतो. बुरशी वाढते ती नेमकी त्याच बाजूला.

दुसरे कारण जागेचे आहे. वरची कवळी टाळूला घट्ट चिकटून असते, त्यामुळे तिच्याखाली लाळेचा ओघ पोहोचत नाही आणि जीभही तो भाग पुसत नाही. लाळेमध्ये जंतूंना रोखणारे घटक असतात आणि ज्या भागाला ती मिळत नाही तो भाग बुरशीला सोयीचा होतो. खालची कवळी अरुंद असते आणि तिच्याखाली लाळ सहज खेळते, म्हणून हा दाह जवळजवळ नेहमी वरच्या टाळूवरच दिसतो.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण म्हणजे कवळी रात्रीही तोंडातच राहणे.

रात्रीची गोष्ट

झोपेत लाळेचे प्रमाण खूप कमी होते. त्या सहा-आठ तासांत कवळी तोंडातच राहिली तर बुरशीला ऊब, ओल आणि शांत जागा असे सगळे मिळते आणि दिवसभर दबलेल्या टाळूच्या त्वचेला सावरायला अवधीच मिळत नाही. जपानमध्ये 85 वर्षे व त्यापुढील वयाच्या 524 व्यक्तींवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेही दिसले, की कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट होता. कवळीवरचे जंतू झोपेत लाळेबरोबर श्वासनलिकेत जाण्याची शक्यता असते, हे लक्षात घेतले तर अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या बाबतीत ही सवय मोडणे किती गरजेचे आहे ते कळते.

तरीही लोक कवळी काढत नाहीत, आणि त्यामागे आळस नसतो. सुनेसमोर, जावयासमोर, नातवंडांसमोर बोळके तोंड दिसू नये ही भावना फार खोल असते आणि तिची थट्टा करणे मला कधीही योग्य वाटलेले नाही. काही पतिपत्नींनी एकमेकांनाही कवळीशिवाय पाहिलेले नसते. 'रात्री काढली की सकाळी बसत नाही' अशीही भीती असते, पण नीट बसणारी आणि पाण्यात ठेवलेली कवळी सकाळी बसते. सकाळी ती बसत नसेल तर ती कोरडी ठेवली गेली आहे किंवा तिचे माप मुळातच बिघडले आहे. रात्री काढणे खरोखरच अशक्य असेल तर दुपारी दार लावून विश्रांती घेताना, आंघोळीच्या आधी, दूरदर्शन पाहताना अशा वेळा जोडून दिवसातून काही तास तरी टाळू मोकळा ठेवावा. लाली असेपर्यंत मात्र या सवलतीवर समाधान मानू नये. त्या काळात रात्रभर कवळी बाहेरच असली पाहिजे. दात काढल्याबरोबर लगेच बसवलेली नवी कवळी एवढा याला अपवाद आहे. तिच्यासाठी पहिल्या दिवसाबाबत दंतवैद्य जे सांगतील तेच करावे.

आषाढी वारीनंतर अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांची मला विशेष काळजी वाटते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद-फलटणमार्गे पुढे जाते, आणि आपल्या भागातील कितीतरी आजी-आजोबा तिच्यासोबत पंढरपूरपर्यंत चालतात. वाटेत कवळी काढून ठेवायला जागा नसते, हरवण्याची भीती असते, टँकरचे पाणी रांगेत उभे राहून मिळते, म्हणून कवळी दिवसरात्र तोंडातच राहते. अशा प्रवासाला निघताना झाकणाची, नाव लिहिलेली लहान प्लास्टिकची डबी, एक मऊ ब्रश आणि साबणाची वडी एवढे पिशवीत असले तरी पुरते. रात्री डबीत कवळी बुडेल इतके पिण्याचे पाणी घालून ती डबी आपल्याच उशाशी असलेल्या पिशवीत ठेवावी. कवळी कागदात किंवा रुमालात गुंडाळून ठेवू नये, कारण ती कोरडी पडते आणि कचरा समजून फेकलीही जाते. रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या कवळ्या हरवतात त्याही बहुधा अशाच.

रोजची आणि उपचाराच्या काळातील स्वच्छता

जेवणानंतर प्रत्येक वेळी कवळी काढून पाण्याखाली धुवावी. आपल्याकडे शेंगदाण्याचे कूट, भडंगातले शेंगदाणे, बेदाणे आणि भाकरीचे कण खालच्या कवळीखाली हमखास जातात. ते तसेच राहिले तर हिरडीला टोचतात आणि बुरशीला खाद्यही मिळते. दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, कवळी व्यवस्थित घासावी. घासताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवावे किंवा खाली दुमडलेला टॉवेल अंथरावा, कारण हातातून निसटलेली कवळी कडप्प्यावर पडली की तडकते. कवळी तळहातात हलकेच धरावी. खालची कवळी दोन्ही टोकांना धरून दाबली तर मधोमध मोडू शकते.

घासण्यासाठी मऊ ब्रश आणि साधा हात धुण्याचा साबण किंवा भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब पुरेसा आहे. टूथपेस्टमध्ये दाताच्या कठीण आवरणासाठी बनवलेले खरखरीत कण असतात. ॲक्रिलिक त्या आवरणापेक्षा फार मऊ असल्यामुळे त्यावर बारीक ओरखडे उठतात आणि पुढे त्याच ओरखड्यांत थर बसतो. दंतमंजन, मीठ, राखुंडी, कोळशाची पूड आणि मिश्री यांनी तर हे नुकसान आणखी लवकर होते. सगळे दात गेल्यानंतरही हिरड्यांना मिश्री लावण्याची सवय अनेक आजींची सुटलेली नसते, आणि त्याच बोटाने कवळीही घासली जाते. त्यातून कवळी काळवंडते एवढाच प्रश्न नाही. भाजलेल्या तंबाखूची ती पूड कवळीखाली हिरडीला चिकटून तासन्‌तास राहते, आणि तोंडाच्या कर्करोगाच्या दृष्टीने हा संपर्क अत्यंत घातक आहे.

आतल्या बाजूला प्राधान्य द्यावे. ब्रशने आधी टाळूकडची बाजू, तिच्यातले उंचसखल खाचखळगे आणि कडा घासाव्यात, मग दात आणि शेवटी चकचकीत भाग. बोट फिरवल्यावर बुळबुळीतपणा पूर्ण गेलेला जाणवला पाहिजे, ही कसोटी घरी कोणालाही वापरता येते. कवळी उकळत्या किंवा कढत पाण्यात कधीही टाकू नये. जंतू मारण्याच्या हेतूने असे करणारे बरेच आहेत, परंतु त्या उष्णतेने ॲक्रिलिक वाकते किंवा पांढरट पडते आणि मग ती कवळी त्या तोंडाला पुन्हा नीट बसत नाही.

लाली असेल तेव्हा केवळ घासणे पुरत नाही, कवळी निर्जंतुकही करावी लागते. कवळीत तार, धातूचे हुक, धातूची पट्टी किंवा मऊ अस्तर यांपैकी काहीही नसेल, तर दंतवैद्यांच्या सल्ल्याने सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण वापरता येते. घरगुती साधे ब्लीच बहुधा चार-पाच टक्क्यांचे असते. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की द्रावण सुमारे अर्ध्या टक्क्याचे होते. त्यात कवळी दहा मिनिटांहून जास्त ठेवू नये, बाहेर काढल्यावर वाहत्या पाण्याखाली चांगली धुवावी आणि मगच साध्या पाण्यात ठेवावी. जास्त वेळ ठेवल्याने स्वच्छता वाढत नाही, गुलाबी रंग मात्र उडतो. गावच्या पाण्याच्या टाकीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर अंदाजाने पाण्यात कालवून वापरू नये. धातूचा भाग असलेल्या कवळीसाठी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे द्रावण वापरतात, कारण हायपोक्लोराइटने धातू गंजतो. क्लोरहेक्सिडिनने तपकिरी डाग पडू शकतात, पण ते दंतवैद्यांकडे निघतात. बाजारात मिळणाऱ्या फसफसणाऱ्या गोळ्या रोजच्या भिजवणीसाठी चांगल्या आहेत. मात्र त्यांनी ब्रशचे काम होत नाही, त्या पाण्यातच विरघळवायच्या असतात, त्या पाण्याने गुळण्या करायच्या नसतात, आणि कवळी धुतल्याशिवाय तोंडात घालायची नसते. त्यांतील काही घटकांची क्वचित कोणाला ॲलर्जी असते.

याच काळात टाळूवर लावायचे बुरशीविरोधी औषध दंतवैद्य किंवा डॉक्टर लिहून देतात. ते टाळूला लावावेच, आणि त्यांनी तसे सांगितले असेल तर कवळीच्या आतल्या स्वच्छ बाजूलाही त्याचा पातळ थर द्यावा. लाली गेल्यासारखी वाटली की औषध बंद करण्याची घाई होते. सांगितलेली मुदत पूर्ण करावी. हृदयाच्या झडपेसाठी किंवा रक्ताच्या गाठींसाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी ही गोष्ट आधी सांगितलीच पाहिजे, कारण मायकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या तोंडात लावायच्या जेलनेसुद्धा वॉरफेरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. शेजारच्या घरातली उरलेली ट्यूब आणून लावण्यातला धोका तो हाच. टाळू, हिरड्या आणि जीभ रोज सकाळी मऊ ब्रशने किंवा ओल्या स्वच्छ फडक्याने हलकेच पुसून घ्यावी. दात नसले तरी ही सफाई टळत नाही.

हात थरथरत असतील किंवा लकव्यामुळे एकच हात चालत असेल तर हे सारे एकट्याने होत नाही. नखे घासायचा, बेसिनला रबरी चोषकाने चिकटणारा ब्रश मिळतो. त्यावर एका हाताने कवळी फिरवता येते. तेही जमत नसेल तर घरातल्या एकाने हे काम आपल्याकडे घ्यावे. औषधाच्या वेळा जशा ठरलेल्या असतात तशी याचीही वेळ ठरलेली असावी.

पांढरा थर आणि पिवळे डाग

कवळीवर बसणारा कठीण पांढरट थर दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचा उपाय सारखा असला तरी कारण वेगळे असते. वरच्या कवळीच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला आणि खालच्या कवळीच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला थर जास्त असेल तर ते लाळेतले किटण आहे, कारण मोठ्या लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात. सगळ्या कवळीवर सारखाच धुरकट पापुद्रा दिसत असेल आणि घरातल्या बादल्यांना व नळाच्या तोटीलाही तसाच पांढरा साका येत असेल, तर तो बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा परिणाम आहे. जत-आटपाडी किंवा माण-खटावच्या बऱ्याच गावांत बोअरचे पाणी जड असल्यामुळे हा प्रकार तिथे अधिक दिसतो. अशा घरांत कवळी भिजत ठेवण्यासाठी आरओचे पाणी वापरावे. त्यासाठी वाटीभर पाणी लागते आणि त्याने बराच फरक पडतो.

बसलेला थर सैल करण्यासाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात कवळी अर्धा तास ठेवावी आणि मग ब्रशने घासावी. धातूचा भाग असल्यास आधी विचारून घ्यावे. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, किंवा एकाच भांड्यात न धुता एकापाठोपाठ वापरू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. टोकदार वस्तूने थर खरवडण्यापेक्षा दंतवैद्यांकडे नेऊन तो काढून घ्यावा आणि कवळी पुन्हा पॉलिश करून घ्यावी. हळदीचे आणि चहाचे डाग दिसायला वाईट असले तरी ते दुखण्याचे कारण नसतात.

कवळी स्वच्छ, रात्री बाहेर, तरीही लाली

सगळे नेमाने करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर शरीराकडे पाहावे. पहिली शंका मधुमेहाची घ्यावी. साखर नियंत्रणात नसेल तर बुरशी हटत नाही, आणि कवळीखालच्या लालीमुळे मधुमेह प्रथम लक्षात आला असेही घडते. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी किंवा लघवीच्या त्रासावरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. त्या स्वतःहून बंद करू नयेत, पण डॉक्टरांना याची कल्पना द्यावी. लोह आणि बी-12 यांची कमतरता तपासून घेणे योग्य ठरते. ॲक्रिलिकची ॲलर्जी असल्याची शंका रुग्ण फार लवकर घेतात. प्रत्यक्षात ती दुर्मीळ आहे.

नंतर कवळीचे माप. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते. पहिल्या वर्षात ही झीज सर्वाधिक असते आणि पुढे ती कमी वेगाने आयुष्यभर चालू राहते. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या, पंचवीस वर्षांचा काळ व्यापणाऱ्या एका अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली होती, आणि खालची कवळीच आधी का सैल होते ते यातून कळते. हाड बदलते आणि कवळी तीच राहते, त्यामुळे ती हलू लागते, घासते, आणि घासलेल्या त्वचेत बुरशी सहज शिरते. पकड टिकवण्यासाठी चिकटवायची क्रीम वाढवत नेणे हा त्यावरचा उपाय नाही. जस्त असलेली क्रीम दीर्घकाळ भरपूर वापरल्याने शरीरातले तांबे कमी होऊन हातापायांच्या नसांना इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. ओठांचे कोपरे वारंवार चिरत असतील तर दात झिजून किंवा हाड बसून चेहऱ्याची खालची उंची कमी झाली आहे का, हेही पाहावे लागते. तोंड मिटताना कोपऱ्यांत घड्या पडतात आणि तिथे लाळ साठून राहते. आतून नवे अस्तर देणे, म्हणजे रिलाइनिंग, पुरेल की नवी कवळीच करावी लागेल हे तपासणीनंतरच ठरते. पाच ते सात वर्षांनंतर कवळीकडे नव्याने पाहावेच लागते. दहा-पंधरा वर्षे तीच वापरणारे अनेक आहेत, आणि खर्चाचा विचार करता ते समजण्यासारखेही आहे.

त्या खर्चासाठी दंत महाविद्यालयांचा पर्याय लोकांनी अधिक वापरावा असे मला मनापासून वाटते. सांगलीत भारती विद्यापीठाचे, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे आणि कराडजवळ कृष्णा अभिमत विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत कवळ्यांचा वेगळा विभाग असतो, आणि विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करत असल्यामुळे फेऱ्या वाढतात, पण शुल्क सहसा कमी असते. जाताना सध्याची कवळी तोंडात किंवा पाण्याच्या डबीत न्यावी, जुनी कवळी असेल तर तीही सोबत घ्यावी, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत न्यावीत. मोडलेली कवळी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडून नेऊ नये. तुकडे जसेच्या तसे न्यावेत, कारण गोंद लागलेल्या कडा पुन्हा नेमक्या जुळत नाहीत.

घरातल्या लग्नापूर्वी किंवा दिवाळीपूर्वी नवी कवळी हवी म्हणून पहिल्याच भेटीत माप घेण्याचा आग्रह होतो. सुजलेल्या, लाल टाळूवर घेतलेले माप सुजेचे माप असते. सूज उतरली की त्यावर बेतलेली कवळी सैल होते. म्हणून आधी दाह बरा करावा, किंवा जुन्या कवळीत काही आठवड्यांसाठी मऊ तात्पुरते अस्तर घालून त्वचेला सावरू द्यावे, आणि मगच माप घ्यावे. मापाच्या आधी एक-दोन दिवस कवळी पूर्ण काढून ठेवा असे दंतवैद्यांनी सांगितले असेल तर तेवढे दिवस भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, मऊ भात, खिमट, शिरा असे खाऊन काढावेत, आणि घरातल्यांनी जेवणाची तशी तयारी आदल्या दिवशीच करून ठेवावी, म्हणजे भुकेपोटी कवळी मध्येच पुन्हा घातली जाणार नाही.